आईचं नवं ऐकणं

सोलापूर, मंगळवार

तीर्थरूप अप्पा,

बसूचा पाया पडून नमस्कार. आईचे कानामागचे ऑपरेशनचे टाके सुकले आहेत, जेवणही नीट आहे. म्हैस व्याली का?

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "ऐकू येतंय का न्हाय, तेवढंच सांग की." एका शब्दात सांगता येईना, म्हणून लिहितो.

कानाचं यंत्र सुरू झालं. आईला आवाज येतो, पण पत्रा वाजल्यासारखा. शब्द कळत नाहीत. आईसोबतच हे यंत्र बसवलेल्या मंगळवेढ्याच्या बजाबाई मात्र त्याच दिवशी फोनवर नातीशी बोलल्या. ते बघून आईने यंत्राचा बाहेरचा भाग काढून पिशवीत टाकला.

मी घाबरून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यंत्र आवाज पोचवतं, अर्थ मेंदूला लावावा लागतो. बजाबाईंचे कान जाऊन दोन वर्षं झाली, आईचे जाऊन अठरा. शिवाय प्रत्येकाची कानाची नस वेगळी. आईला वेळ लागेल, पण सतत ऐकत राहिली तर फरक पडेल.

बजाबाई मला म्हणाल्या, "आरं, गप बसून कान उघडतोय व्हय? बोल की तिच्याशी!" मग मी आईला समजावून यंत्र पुन्हा लावायला लावलं.

इथला ऐकण्याचा सराव मराठीत असतो. आज भेटायला आलेल्या चंद्रिका मावशीने मात्र आईच्या पाठीमागून कानडीत विचारलं, "ऊटा आयता?" आई मागे न वळताच कानडीत म्हणाली, अजून जेवले नाही. मावशी रडायलाच लागली. लहानपणची भाषा आधी ओळखू येत असेल, असं मला वाटतं.

म्हणून अप्पा, रोज फोन करा. शेतातलं, घरातलं, काहीही कानडीत सांगा. पहिल्यांदा तिला कळणार नाही. तेव्हा "बसूकडं दे" म्हणू नका. पुन्हा सांगा.

तुमचा,
बसू