सुरक्षित असा शेरा

४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
नगरपालिकेने तुमच्या गल्लीची पाहणी यंदा माझ्याच गळ्यात घातली. अंगणातली मोडकी कपाटं आणि गंजका पंप आठ दिवसांत उचल, नाहीतर सख्ख्या बहिणीला नोटीस बजावणारा म्हणून माझं नाव होईल.
झाडाचं मात्र थट्टेवारी नेता येणार नाही. हातोडी मारली तर खोड पोकळ वाजलं. शेजारच्या शिंप्याचा तक्रारअर्जही आहे. भीतीपोटी त्याने मशीन कुंपणाजवळून खोलीत नेलं. तिथे उजेड नाही म्हणतो. मेहुण्यांनी लावलेलं झाड, मला कळतं. पण ते पाडावंच लागेल. राग धरू नकोस.
तुझा,
भाऊ

९ मार्च
चि. भाऊस,
अ. उ. आ.
भंगार काल दिलं. झाडाला हात लावू देणार नाही. हे गेल्यापासून मला बोलायला तेवढंच उरलंय. लहानपणी तू फोडलेल्या बरण्या मी अंगावर घेतल्या, कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. एक वर्ष थांब.
ताई

१५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
‘सुरक्षित’ असा शेरा मारला. नोकरीत पहिल्यांदाच खोटं लिहिलं. दाखला सोबत आहे. झाडाखाली कुणाला बसू देऊ नकोस. हे पत्र फाडून टाक.
भाऊ

२ एप्रिल
चि. भाऊस,
परवा दुपारी झाड कुंपणापलीकडे पडलं. वारासुद्धा नव्हता. शिंपी मशीनवर होता. जागीच गेला.
दाखला आला त्या दिवशी मीच तो त्याच्या नाकापुढे नाचवला, घाबरट म्हणून चिडवलं. त्याने दोनदा वाचला, माझी माफी मागितली आणि मशीन पुन्हा कुंपणाजवळ आणलं. पंधरा दिवस मी त्याला तिथे बसलेलं बघत होते. खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल, म्हणून गप्प बसले. तुझं पत्र अजून माझ्या पेटीत आहे.
दहा तारखेला चौकशीला माणसं येणार. मी काय सांगू? म्हणशील तर सगळं माझ्यावर घेते.
ताई

६ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
जे झालं तेच सांग, आणि पेटीतलं पत्र त्यांच्या हातात दे. मी साहेबांना आजच लिहून दिलं आहे. बरण्या अंगावर घेतल्यास, हे घेऊ नकोस.
शेरा मी तुझ्यासाठी मारला होता. विश्वास त्याने ठेवला.
लोभ असू दे, असं लिहायला आज हात धजत नाही.
भाऊ