जान्सन बैलाचा गोठा कामठ्यात

मी, इंदरलाल वल्द भैयालाल हरिणखेडे, जात पवार, धंदा शेती, राहणार आमगाव, जिल्हा भंडारा, हा मृत्युपत्राचा लेख राजीखुशीने लिहवून ठेवतो. गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून तोंड वाकडे केले, म्हणून ही घाई. माझी बुद्धी जागेवर आहे. ती जागेवर नाही असे म्हणणारा इसम जगात एकच, माझे व्याही ईश्वरदास बिसेन, राहणार कामठा. त्यांच्याकडे पुरावा एवढाच, की मी अमेरिकेच्या जॅक जान्सनला सगळ्यात थोर मुष्टियोद्धा मानतो आणि ते जॅक डेम्पसीला मानतात. एवढ्यावरून माणूस वेडा ठरत असेल तर वेडा कोण हे या लेखावरून कोणीही ठरवावे.

कलम पहिले. राहते घर, परसातला आंबा आणि विहिरीपलीकडची धानाची बांधी माझी पत्नी सुखवंता हिला. तिने या घरात माझे सगळे ऐकले, फक्त मुष्टियुद्धाचे ऐकले नाही. "तुमी दोघंई म्हातारे, ना कोणाले ठोसा मारला, ना कोणाचा खाल्ला. कायले भांडून राहिले?" असे ती अजूनही म्हणते. खरे आहे, आम्ही दोघांनीही मुष्टियुद्ध डोळ्यांनी पाहिलेले नाही. मला जान्सनची हकीकत आमगाव स्टेशनावर मालगाडी थांबली की खाली उतरणाऱ्या एका गार्डसाहेबाने सांगितली आणि व्याह्यांना डेम्पसीची हकीकत पलटणीतून परतलेल्या एका शिपायाने. पण वाद करायला पाहिलेच पाहिजे असे असते तर देवाविषयी कोणी बोललेच नसते.

कलम दुसरे. उरलेली सगळी शेती, नांगर, वखर आणि धानाची कोठी मुलगा मनोहरलाल याला. तो नागपुरास नोकरी करतो आणि सुटीत येऊन "बाबूजी, दोघेही जुने झाले, खरा थोर जो लुई" असे सांगून पुन्हा गाडी पकडतो. म्हणून माझी हाताची खुर्ची त्याला देत नाही. ज्याला बसून वाद घालायचा नाही त्याला खुर्ची कशाला? ती सुखवंताने हवी त्याला द्यावी.

कलम तिसरे. जान्सनची चौकटीतली तसबीर देवांच्या तसबिरींच्या ओळीत शेवटी आहे, तिथेच राहावी. तिला कुंकू लागलेले आहे. ते मी लावलेले नाही. पाहुण्याबाया सगळ्या ओळीला लावत जातात आणि मध्येच थांबवणे मला बरे दिसत नाही. गार्डसाहेबाने सांगितले होते, त्या काळी काळ्या माणसाला जगज्जेतेपदाच्या लढतीत उभेच करत नसत. हा माणूस जगज्जेत्याचा ऑस्ट्रेलियापर्यंत पाठलाग करून लढला आणि जिंकला. मग त्याला पाडायला जेफ्रीज नावाच्या जुन्या जेत्याला शेतीवरून उठवून आणले, तोही पडला. अशा माणसाला थोडे कुंकू लागले तर देव रागावणार नाहीत.

कलम चौथे. इथे व्याह्यांचे म्हणणेही लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी मला एककल्ली म्हणू नये. ते म्हणतात, "विलर्डनं जान्सनले पाडलं. त्या पहाडाएवढ्या विलर्डले डेम्पसीनं तीन फेऱ्यांत मातीत लोळवलं. मंग मोठा कोन?" यावर माझे उत्तर असे, की जान्सन तेव्हा चाळिशीला टेकला होता आणि भर उन्हात सव्वीस फेऱ्या उभा होता. आणि डेम्पसी जगज्जेता असताना हॅरी विल्स नावाचा काळा मल्ल दारात आव्हान घेऊन उभा होता, त्याच्याशी तो कधीच लढला नाही. काऊन नाही लढला? व्याह्यांना हे विचारले की त्यांना खोकला येतो.

कलम पाचवे. आता बैलांचे. आमच्याकडे कोणताही वाद शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, मिटतो, म्हणून हाही तिथेच मिटवायचे ठरले. मी काळा गोऱ्हा घेतला, नाव जान्सन. त्याच्या जोडीला पांढरा जेफ्री. व्याह्यांनी तांबडा घेतला, नाव डेम्पसी, जोडीला विलर्ड. ज्याने ज्याला हरवले त्याच्याच बरोबर एका जुवाखाली. स्वराज्य आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पट भरला आणि दोन्ही जोड्या धावपट्टीवर उभ्या राहिल्या. झेंडी आमच्या गावच्या भैयाजी रहांगडाले यांच्या हाती होती; ती खाली पडली की जोडी सोडायची. माझी जोडी सुटली तेव्हा झेंडी खाली होती. व्याह्यांची जोडी सुटली तेव्हाही झेंडी खालीच होती. मधल्या वेळात भैयाजींना शिंक येऊन झेंडी एकदा वर जाऊन आली होती. डेम्पसी बिथरून लाखोरीच्या शेतात शिरला आणि चरू लागला. जान्सन जिंकला.

व्याही भर पटात ओरडले, "झेंडी उशिरा पडली! अमेरिकेतई डेम्पसीसंग असंच केलं होतं, समोरचा मल्ल खाली पडला तं पंचानं आकडे मोजायलेच उशीर केला!" हे खरे आहे, तसा वाद तिकडे झाला होता. पण तिकडे पंचाला शिंक आली नव्हती. मी म्हणालो, "समधीजी, बैल लाखोरी खाऊन राहिला, त्याले कोनता पंच थांबवनार?" लोक हसले. व्याह्यांनी भरल्या पटात माझा हात झटकला. त्या दिवसापासून माझी मुलगी फुलवंता, जी त्यांच्या धाकट्याला दिली आहे, माहेरी आलेली नाही. सात वर्षे दिवाळी झाली, भाऊबीज झाली, गावोगाव मंडईची जत्रा भरली, सगळ्यांच्या लेकी आल्या, माझी आली नाही. व्याही म्हणतात, आमगावाने झेंडी कबूल करावी. मी म्हणतो, कामठ्याने लाखोरी कबूल करावी. मला तिची फार आठवण येते. हे या लेखात लिहायचे नव्हते, पण दस्तलेखक गुलाबचंद लिहून मोकळे झाले, असू द्या.

कलम सहावे. जेफ्री गेल्या पावसाळ्यात मेला. कामठ्याचा विलर्ड त्याआधी साप चावून गेला. जान्सनला जुवात उजवीकडे चालायची सवय आहे, डेम्पसीला डावीकडे. दोघेही म्हातारे, नवा जोडीदार दोघांनाही चालत नाही. जान्सन कडबा तोंडात धरून उभा राहतो, खात नाही. म्हणून जान्सन मी व्याही ईश्वरदास यांना देतो, असे मी सांगितले. गुलाबचंद म्हणाले, "इंदरलालजी, साक्षीदाराला काही दिले तर कायद्याने ते देणे रद्द होते. बैल द्या किंवा साक्ष घ्या." साक्ष त्यांचीच पाहिजे. दुसऱ्या कोणासमोर सही करून मरण्यात मला गोडी नाही. आणि साक्षीदाराने समोर हजर राहावे लागते, म्हणजे त्यांना आमगावास यावेच लागते. हे कलम वकिलाला सुचले नसते.

म्हणून जान्सन बैल मी मुलगी फुलवंता हिला देतो. ती कामठ्यास राहते, सबब बैल कामठ्यास राहील. त्याला डेम्पसीच्या शेजारची गव्हाण द्यावी. चारा व्याह्यांनी स्वतः घालावा आणि घालताना त्याला नावाने हाक मारावी. दोघांची जोडी जुंपून पहिली फेरी रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, फुलवंताला बसवून आमगावची करावी. हा सगळा शेतीचा विचार आहे, यात दुसरा अर्थ काढू नये. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते असे गुलाबचंद सांगतात, तरी हे कलम व्याह्यांना वाचून दाखवू नये.

कलम सातवे. माझ्या तेरवीच्या पंगतीत डेम्पसीच्या बाजूच्या लोकांनाही पोटभर वाढावे. पण "अजून घ्या" असा आग्रह करू नये.

कलम आठवे. व्याह्यांना निरोप गेला होता की साक्षीला या, काम मरणाचे आहे, वादाचे नाही. ते आता छपरीत येऊन बसले आहेत. रेंगीला डावीकडे डेम्पसी आहे, उजवीकडे कोणाचा तरी मागून आणलेला बैल. रेंगीतून आणखी कोणीतरी उतरले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सुखवंता आत रडते आहे की हसते आहे ते इथून कळत नाही. मला उठू देत नाहीत. गुलाबचंद म्हणतात आधी सही. करतो.

यापूर्वी मी कोणताही असा लेख केलेला नाही. हाच खरा समजावा.

ठिकाण आमगाव, दिनांक ११ फेब्रुवारी १९५५.

(सही) इंदरलाल भैयालाल हरिणखेडे

साक्षीदार एक: भैयाजी रहांगडाले, आमगाव. इंदरलालजींनी माझ्यासमोर सही केली. शिंक खरी होती.

साक्षीदार दोन, स्वहस्ते: मी ईश्वरदास बिसेन, कामठा. माया समधीनं मायासमोर सही केली, अक्कल ठिकानावर हाय, तेवढं लिहून देतो. सहावं कलम वाचू नका म्हनले म्हनून पह्यले तेच वाचलं. जान्सनले आत्ताच जुंपून नेतो, मरेपर्यंत कायले वाट पाहाची? मागून आनलेला बैल रेंगीमागं बांधला. तं सहावं कलम आता कामाचं राह्यलं नाही, खोडून टाका. फुलवंता होळीपर्यंत इथंच राहील. होळीले हेच जोडी घेऊन तिले न्यायले येतो. तवरिक समधीजीनं मरू नये. डेम्पसी मोठा होता हे त्यायनं अजून कबूल केलं नाही, आन मले भांडाले दुसरा कोनी नाही.

(सही) ईश्वरदास बिसेन