अंगठ्याची पिल्लं

अंबरनाथ,
रविवार, सकाळ

प्रिय नेत्रा,

पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना कागद कशाला खराब करतोस, असं कारखान्यातल्या शरदकाकांनीही मघाशी विचारलं. पण फोनवर मी अडखळतो, तुला माहीत आहे. लिहिताना निदान शब्दकोश शेजारी ठेवता येतो आणि चुकलेला कागद फाडता येतो.

मुरबाडकडच्या शाळेत बदली होऊन जाताना तू दोन कामं माझ्यावर टाकून गेलीस. एक, तिसरीतल्या जिवलीला प्रगतीपुस्तकात चित्रकलेचा शेरा काय द्यायचा ते. दुसरं तुला ठाऊकच आहे. पहिलं झालं, म्हणून दुसऱ्याला हात घालायचं धाडस करतोय. पण क्रमाने सांगू दे. मधूनच सुरू केलं की माझा गोंधळ होतो.

गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारा, नववीत शाळा सुटलेला मुलगा. त्याला दर शनिवारी बारवी धरणाकडच्या वाडीतल्या शाळेत चित्रं शिकवायला बोलवायचं, हे तुझ्याच डोक्यात येऊ शकतं. कारखान्यात अजून माझी चेष्टा चालते. मी आत शिरलो की शरदकाका मूर्तींकडे बघून म्हणतात, “उभे राहा रे, मास्तर आले.” पहिल्या शनिवारी माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तू मागे मुलांच्या ओळीत जाऊन मांडी घालून बसलीस आणि खडू मागितलास. बाईसुद्धा शिकतायत म्हटल्यावर मुलं माझ्याकडे बघायला लागली. तुझे आभार मानायचे तेव्हा राहून गेले, ते आज मानतो.

केंद्रप्रमुख शाळा तपासायला येणार होते त्या वेळची गोष्ट तुझ्यासमोरच घडली, तरी माझ्या बाजूने कधी सांगितली नव्हती. आमच्याकडे माल बाहेर निघायच्या आधी एकजण प्रत्येक मूर्ती फिरवून बघतो. रंग रेषेबाहेर गेला असेल तर तिथे बारीक ब्रश मारायचा. ओल्या रंगावर कुणाचं बोट उमटलं असेल तर ते आधी झाकायचं, कारण बोट दिसलं की माल परत येतो. हे माझ्या हाताला इतकं बसलंय की आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मुलांची चित्रं फळ्यावर लावताना मी विचारही केला नाही. सगळ्यांच्या रेषा सरळ केल्या. जिवलीच्या कोंबडीभोवती पिवळ्या बोटांचे डाग होते, ते पांढऱ्या रंगाने झाकून टाकले. मला वाटलं, मुलं खूश होतील.

शनिवारी सकाळी ती आली, चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ह्या माजा नाय.” मी नाव दाखवलं, तरी तेच. मग तू तिच्याजवळ खाली बसून विचारलंस, तेव्हा कळलं की ते डाग नव्हते. ती कोंबडीची पिल्लं होती, अंगठ्याने काढलेली. मी सगळी मारून टाकली होती.

तू फळ्यावरची सगळी चित्रं उतरवलीस, आणि साहेब आल्यावर सांगितलंस की मुलांची चित्रं तयार नाहीत. रिकाम्या फळ्याबद्दल त्यांनी तुला सुनावलं. माझं नाव तू घेतलं नाहीस. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

त्यानंतर जिवलीने कागदाला हात लावला नाही, हे तू बघूनच गेलीस. तुझ्या जागी आलेले सनी सर स्वभावाने चांगले आहेत. त्यांनी मला फोनवर तयार शेरे पाठवले. ‘चित्रात योग्य रंग भरते.’ ‘कलेत रस घेते.’ यातला एक उतरवून टाक, सगळे तेच करतात, म्हणाले. पण जी मुलगी चित्रच काढत नाही तिला रस घेते कसं लिहू? आणि काढत नाही असं लिहिलं, तर दोष तिच्या नावावर जाणार.

तेव्हा मी एक मोर काढला. मोठ्या कागदावर, पीस न् पीस, कारखान्यात काढतो तसा. असा मोर मला परत जमणार नाही. शनिवारी तो वर्गात जमिनीवर पसरला, रंगांच्या वाट्या मांडल्या आणि म्हटलं, याच्यात तुम्हाला हवं ते करा. कुणी पुढे येईना. सगळे जिवलीकडे बघायला लागले. ती उठली, अंगठा काळ्या रंगात बुडवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मोराच्या मानेवर दाबला. मग अजून एक, मग पाठीवर. मी हात मागे घट्ट धरून ठेवले होते. हे काय, असं विचारलं तर म्हणाली, “उवा. खाजवतंय त्याला.”

नेत्रा, वर्ग असा हसला की सनी सर शेजारच्या खोलीतून धावत आले. मग सगळ्यांनी मोराची वाट लावली. त्या गडबडीत ती माझ्याकडे आली आणि नवीन कागद मागितला. कोंबडी काढली, घराएवढी. पिल्लं काढली. एक पिल्लू कागदाच्या कडेवरून अर्धं बाहेर गेलं, ते मी तसंच राहू दिलं.

शेरा असा लिहिला: ‘पिल्लं अंगठ्याने काढते. तिला विचारल्याशिवाय चित्र सुधारू नये.’ सनी सर म्हणाले, अरे, हा शेरा मुलीला आहे की शिक्षकाला? पण खोडला नाही, खाली सही केली.

आता दुसरं काम. एस.टी.ची वाट बघताना तू सरळ विचारलंस, लग्न करायचं का आपण. मी म्हणालो, आधी बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी होतो, मग तुझ्या बाबांसमोर उभा राहतो. तू म्हणालीस, “परीक्षा दे की. पण माझ्यासाठी देऊ नकोस.” मला वाटलं, तुला राग आला. आता कळतंय की तू मला आहे तसाच बघत होतीस, आणि मीच मला झाकायला ब्रश शोधत होतो. फॉर्म भरणार आहे, मला शिकायचं आहे म्हणून. पण तुला उत्तर द्यायला निकालापर्यंत थांबत नाही. येत्या रविवारी आईला घेऊन बदलापूरला तुमच्या घरी येतोय. तूही सुट्टीला ये. बाबा शिक्षण विचारतील, तेव्हा नववी म्हणेन. त्यापुढे काही जोडणार नाही.

तुझाच,
रूपेश