वेबर आजोबांची खाट

३ जून
सगळं फिरलं ते आज सव्वादहाला. योगिनीनं माझ्या मानेखाली हात घालून मला उठवून बसवलं!
जळोचीचा नर्सिंग क्लास. राज्य सरकारनं जर्मनीतल्या एका राज्याशी करार केलाय — इथल्या पोरी तिकडं म्हाताऱ्यांची सेवा करायला जाणार, योगिनीही. सरावाचा पुतळा अजून आला नाही, म्हणून दीपक सरांना खाटेवर झोपायला माणूस हवा होता. प्राचार्यांशी भांडून कॉलेज सोडलंय, मी रिकामाच. आता माझं नाव वेबर आजोबा, वय ब्याऐंशी.

१९ जून
खाटेवर ती माझ्याशी किती गोड जर्मन बोलते. एक शब्द कळत नाही. बाहेर गाडीपाशी मात्र — "नाग्या, सरक की." बस, एवढंच.

८ जुलै
करार अडकला. दिल्ली म्हणते, परदेशाचं आम्ही बघायचं, राज्यानं परस्पर शब्द दिलाच कसा? व्हिसा थांबले. योगिनीनं डबा उघडला नाही. मी आतून खूश. नालायक आहे मी.

२ ऑगस्ट
आई म्हणाली, "वाकून का चालतुयास रं?" मी वाकलो नव्हतो. कप धरला तर बोटं थरथरायला लागली. खाटेवर आजोबा होऊन मुद्दाम करतो तशी. थांबवली — थांबेनात.

२१ ऑगस्ट
दीपक सर म्हणाले, आणखी दोन राज्यांनी असेच करार केलेत. आता दिल्लीचा साहेब बघायला येतोय, सोबत जर्मन बाई. "पोरी तयार दिसल्या की दिल्लीला न्हाय म्हणता येत न्हाय."
साहेबासमोर खाटेवर मी एक शिंक दिली की पुरे, सगळा धडा फसेल. योगिनी इथंच राहील.

२४ ऑगस्ट
जर्मन बाईंनी शेवटचा धडा मागितला — पेशंट गेल्यावर काय करायचं.
मी श्वास रोखला. योगिनीनं माझे डोळे मिटले. चेहरा पुसला. खिडकी उघडली — तिकडची रीत. चादर तोंडावर ओढली. शिंकलो नाही.
साहेबानं खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "ठीक है. मैं हाँ लिख देता हूँ."
सगळे फोटोला बाहेर गेले. रोज सर म्हणतात, ऊठ, झालं. आज कुणीच म्हणालं नाही.

२४ ऑगस्ट, संध्याकाळ
हे मगाशी लिहिता आलं नाही. मी उठून दारापाशी उभा होतो. योगिनी बॅग घ्यायला आत आली, खाटेला हात जोडले, मी दिसलोच नाही तशी माझ्या अंगावरून निघून गेली. मी वळून खाटेकडं बघितलं. चादर अजून माणसाएवढी फुगलेली, आणि मी तर इथं उभा. मी बाहेर आलो. दार लावून घेतलं.