फाटक्या प्लास्टिकची बॅटरी

शनिवार, संध्याकाळ

नितीन दुपारी रागावूनच गाडीने दुक्मला, त्या लांबच्या बंदरावर कामावर निघाला. निघू दे. त्याच्या व्हेपची ती बॅटरी मी दिली नाही, देणारही नव्हते.

सकाळी धुवायला घेतलेल्या पँटच्या खिशात सापडली, किल्ल्यांच्या जुडग्यात. टोकाजवळचं प्लास्टिक नखाएवढं फाटलेलं, आतला चंदेरी पत्रा उघडा. त्यावर ह्या माणसाने सेलोटेप लावलेली.

"अगं, एवढंसं तर फाटलंय. टेप लावली, खलास."

"आणि किल्लीने टेप खरवडली, ठिणगी पडली, तर भाजलेल्या मांडीलाही टेपच लावशील का?"

"सरळ सांग ना, व्हेप सोड म्हणून."

"ओढायची तर ओढ. ही बॅटरी मिळणार नाही."

"इथे दुसरी काय कोपऱ्यावर मिळते?"

नाही मिळत, ठाऊक आहे; इथे ओमानमध्ये व्हेपच्या विक्रीवरच बंदी. म्हणून फाटकी वापरायची? कामावरच्या राहण्याच्या कॅम्पमध्ये ती उशाशी चार्जिंगला लावून झोपतो, हे त्यानेच हसत हसत सांगितलं होतं.

त्याचा संशय थोडा खरा आहे का? व्हेप सुटली तर मला आनंदच होईल. पण आज भांडले ती त्या नखाएवढ्या चंदेरी पत्र्यावरूनच. बॅटरी धड असती तर मीच प्लास्टिकच्या डबीत घालून त्याच्या बॅगेत ठेवली असती.

आता दोन्ही टोकांना टेप लावून ती कोरड्या वाळूच्या कुंडीत ठेवली आहे, गॅलरीत सावलीला. जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे उद्या देऊन येणार.

मघाशी पेट्रोलपंपावरून त्याचा फोन आला. "ती देऊन टाकू नकोस हं. पुढच्या खेपेला नेतो."

मी नाही म्हटलं. मग जेवलास का, ते विचारलं.