दादाच्या नावाची पाटी

३ डिसें.
चौकात फ्लेक्स लागला. दादा कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा. मधोमध बाळू आणि त्याच्या पक्षाचे साहेब हात जोडून, भोवती चार गॉगलवाले. शिसारी आली. त्यात दादाच्या डोक्यावर वैमानिकाचं हेल्मेट चिकटवलंय! खाली 'सोलापूरचे शहीद फायटर पायलट'. अरे मेल्यांनो, दादा एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होता. एकाहत्तरच्या लढाईत तळावर बॉम्ब पडले, तेव्हा विमानाखाली पाना घेऊन काम करत होता. तिथंच गेला. जन्मात विमान उडवलं नाही त्यानं.

५ डिसें.
बाळूला गाठलं. आता मंडळाचा अध्यक्ष, चौथीला मीच त्याची वर्गबाई होते. चौदा तारखेला चौकाला दादाचं नाव देणार. संगमरवरी पाटी, पडद्याची दोरी बहिणीनं ओढायची. म्हणजे मी. पाटीवरही पायलटच कोरलंय. म्हटलं, बदल.
"बाई, फिटर म्हणल्यावर मान्सं जमतील व्हय? साहेब येनार हायती."
थुंकावंसं वाटलं. आमचे बाबा मिलमध्ये फिटर. दादा सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचा, हात काळे करून यायचा. पोरगा नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतो, म्हणायचे बाबा. आणि यांना त्याची लाज!

६ डिसें.
पुन्हा गेले. जरा जास्तच बोलले. पायलट कुणी सांगितलं रे तुला?
तो गोंधळला. "तुमीच की, बाई. पंधरा ऑगस्टला. माझा भाऊ लढाऊ विमान उडवायचा, म्हणाला हुता. मी लई दिवस कागदाची विमानं करत हुतो."
घरी आले.

७ डिसें.
खरंय ते. दरवर्षी सांगायचे. चुकून नाही, मुद्दाम. स्टाफरूममध्ये कुणाचा भाऊ डॉक्टर, कुणाचा मामलेदार... मुलं टाळ्या वाजवायची, बरं वाटायचं. एकदा गॅदरिंगला बाबा आले होते. एका पोरीनं विचारलं, आजोबा, तुमचा मुलगा पायलट होता ना? बाबा माझ्याकडं बघत राहिले.
बाळूला कुठल्या तोंडानं शिव्या घालत होते मी? किळस येते स्वतःची.

१४ डिसें., रवि.
बँड, हार, साहेब दीड तास उशिरा. दोरी हातात दिली. ओढली नाही. माइक मागितला. म्हटलं, माझा भाऊ फिटर होता, वडीलही फिटर. पायलट ही थाप माझी, मीच वर्गात मारली, या बाळूलाही.
साहेबांनी घड्याळ बघितलं. मागं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सवयीनं. बाळूची मान खाली. त्याचं वाईट वाटलं.
दोरी तशीच सोडून घरी आले.

१७ डिसें., बुध.
बाळूचा फोन. साहेब चिडलेत. पण तोडगा काढलाय, पायलटवर सिमेंट लिंपायचं, नुसतं नाव ठेवायचं.
"मग फिटर कोर की."
"बाई, समजून घ्या की. फिटरचा चौक म्हनतील लोकं."
म्हणू देत की! काय झिजतं रे तुमचं?
"मग झाकलेलाच राहू दे माझा भाऊ," म्हटलं आणि फोन आपटला.
संध्याकाळी भाजीला जाताना बघितलं. पडदा तसाच आहे. कापड पातळ. आतलं 'पायलट' स्पष्ट वाचता येतं.