गिअरबॉक्सला कळलेला भुजंगप्रयात

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स दुरुस्त होऊन आला. गाडी चालता चालता धक्के द्यायची. गॅरेजवाला बंटी म्हणे, काका, पार्ट बदलला, ऑइल नवीन टाकलं, मक्खन चालून राहिली. पण तुम्ही स्वतः चालवून पाहा, मंग ओके द्या. चिरंजीव अमोलची अट: रविवारपर्यंत धक्के गेले नाहीत तर गाडी विकायची. अशक्य! रविवारी उमरेडला वर्गमित्रांचा मेळावा. स्वतः गाडी चालवत येतो, असं सगळ्यांना कळवून बसलोय. उद्यापासून शास्त्रशुद्ध टेस्टिंग. भावनेला थारा नाही.

४ फेब्रुवारी, सकाळ
थंड इंजिनवर टेस्ट. प्रताप नगर चौकापर्यंत उत्तम. पुढे एका कंपाउंडमध्ये पळस फुललेला दिसला आणि सहावीतली कविता आपोआप तोंडात आली. पहिल्याच ओळीला धक्का. दुसऱ्या ओळीला पुन्हा. मागचा स्कूटरवाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. निष्कर्ष: दुरुस्ती कच्ची. बंटीला फैलावर घेणार.

५ फेब्रुवारी
फैलावर घेतलं नाही. त्याने चहा पाजला. मग त्याने गाडी चालवली, मी शेजारी. वर्धा रोडपर्यंत एक धक्का नाही. येताना मी चालवली. गप्प होतो तोवर ठीक. म्हटलं, तुला एक कविता ऐकवतो. लगेच धक्का! बंटी बिचारा गाडीला जोडलेल्या तपासणी मशीनच्या स्क्रीनकडे पाहत होता. म्हणे, काका, एरर तर काहीच नाही दाखवून राहिलं.

६ फेब्रुवारी, दुपार
मोठा शोध! धक्के ठेक्यावर बसतात. भुजंगप्रयातात ओळीला चार. शार्दूलविक्रीडितात यतीवर एकच, पण जबर. आमच्या गुरुजींनी बाकाखाली पाय आपटत वृत्तं शिकवली. माझा ठेका अजून चुकत नाही. त्यात या गाडीला क्लच नाही, डावा पाय अगदी मोकळा. पण लोखंडालाही कान असावा? सौ. सुभद्राला सांगितलं. म्हणे, त्यात काय नवल, मीही चाळीस वर्षं तुमच्या कविता ऐकून दचकूनच राहिली.

७ फेब्रुवारी, इतवारीहून परत
सुभद्राला भांडी घ्यायची होती. गर्दीतली टेस्टही बाकी होती. हातगाड्यांच्या मागे हळूहळू चाललो होतो, म्हणून भुजंगप्रयात घेतला. पहिल्या धक्क्याला तिचा चष्मा खाली पडला. उचलायला वाकली आणि तिथूनच ओरडली, अहो, तुमचा डावा पाय ब्रेकवर काय करून राहिला? ठेका धरतोय, म्हटलं. म्हणे, ठेका कशाचा, ब्रेक दाबून राहिले तुम्ही! घरापर्यंत डावा पाय सीटला टेकवून मागे ओढून ठेवायला लावला. धक्का एकही नाही. कविताही एक सुचली नाही. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे, असं तिला स्पष्ट सांगितलं. ती तेव्हा अमोलला फोन लावत होती.

८ फेब्रुवारी
विजय! गाडी विकायची नाही. अमोलला हसू आवरत नव्हतं. फक्त किल्ली सूनबाई मुग्धाकडे राहील. तात्पुरती व्यवस्था. उद्या उमरेड आलं की मुग्धा उतरेल आणि शाळेपर्यंत मी चालवीन. तिला अजून विचारलेलं नाही, पण मुलगी संस्कारी आहे.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
संस्कारी मुलगी म्हणाली, बाबा, आता पोचलोच ना, बसा निवांत. शाळेच्या फाटकातच वर्गमित्र धोंडबा उभा, मागे सगळा वर्ग. म्हणे, काहून गा मनोहर, गाडी तू आणणार होता ना? मी सांगू लागलो, गिअरबॉक्सचं टेस्टिंग जरा नाजूक टप्प्यावर... तेवढ्यात मागच्या सीटवरून सुभद्रा म्हणाली, टेस्टिंग झालं भाऊजी. गाडी पास, हे नापास.
गणितातसुद्धा मी या अंगणात इतक्या लोकांसमोर नापास झालो नव्हतो.